आबांचा टोस्टर, आईचा तवा

परवा माझ्या भाच्याचा, निलेशचा फोन आला. तुंगार्लीच्या आमच्या घरातल्या दोन खोल्या तो आता शनिवार-रविवार पाहुण्यांना राहायला देतो, आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सकाळी पोह्यांच्या जोडीला टोस्टही लागतो म्हणे. "आत्या, स्वयंपाकघरासाठी एक चांगला टोस्टर घ्यायचाय. आईला विचारलं तर ती हसतच सुटली. म्हणाली, टोस्टरचं तुझ्या आत्याला विचार, त्यातलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही." पाठोपाठ माझ्या मोबाइलवर नऊ टोस्टरांचे फोटो येऊन पडले. दोन पावांचा, चार पावांचा, लाल, काळा, एक तर असा की भाजणारा पाव काचेतून दिसावा. इथं सोमाटण्याच्या फ्लॅटमध्ये खुर्चीत बसून मी ते फोटो एकेक करून पाहिले, आणि आयुष्यभर शाळेत पोरांना दरडावलेल्या माझ्यासारख्या बाईनं मोबाइल पालथा घालून ठेवला. मी निलेशला म्हटलं, दोन दिवस दे मला. काळजी करण्यात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या मावळात सापडायचं नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून तो नुसता हसला. मी पहिल्यांदा टोस्टर निवडायला गेले तेव्हा तो वहिनीच्या पोटात होता, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा मी आठवीत होते. तळ्याकडे चढणाऱ्या रस्त्याला सगळे बंगले आणि बंगल्यांच्या पाठीमागे आमचं घर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तीन बंगल्यांची राखण करायचे आणि उरलेल्या वेळात खालच्या अंगाला असलेली आमची भाताची खाचरं बघायचे. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो वाजला की आबा आले हे आम्हाला माणूस दिसायच्या आधी कळायचं. आषाढात मात्र पत्र्यावरच्या पावसापुढं किल्ल्याच काय, शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. धुकं दारातून थेट घरात यायचं, म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, आणि एकदा त्या लावल्या की चुलीवर जे जे शिजेल त्याचा वास तिन्ही खोल्यांत दिवसभर मुक्कामाला. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. सुकटीचा वास आला की मला उलट भूक लागायची, अजून लागते.

आईचा बिडाचा तवा हा आमच्या घरातला सगळ्यात मानाचा माणूस होता. मी माणूसच म्हणते, कारण आई त्याच्याशी बोलायची. तो तिच्या माहेरचा, तिच्या लग्नात आलेला. वर्षानुवर्षांच्या तेलानं काळा, तुकतुकीत, इतका गुळगुळीत की तांदळाची भाकरी टाकली की नुसतं उलथनं दाखवायचा अवकाश, ती उठून बसायची. त्याला राख लावायची नाही, घासायचा नाही, फक्त फडक्यानं पुसून उलटा टेकवून ठेवायचा. भाकरी त्याच्यावर, मिरचीचा खर्डा त्याच्यावर, सुकट आणि बोंबीलही त्याच्यावरच. आळीत कुणी नवा तवा आणला की तो आधी आमच्या घरी यायचा, कारण तवा वळणाला लावावा तो आमच्या आईनंच. तवा कोमट करायचा, अर्धा कांदा तेलात बुडवायचा, त्याला मीठ लावायचं आणि तव्यावर गोल गोल घासत बसायचं. काळं निघेपर्यंत घासायचं, पुसायचं, पुन्हा तेल, पुन्हा कांदा. कांदा चिरून द्यायचं आणि तेलाची पळी धरायचं काम माझं. "नव्या लोखंडाचा वास ग्येला की तवा आपला झाला," असं आई म्हणायची. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

कुंदावहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, देहूरोडची. तिचे वडील तिथल्या लष्कराच्या डेपोत कामाला आणि दादाही त्याच डेपोत, त्यातूनच हे लग्न जमलेलं. सकाळी बेकरीतून आणलेला पाव आणि चहा यावर ती वाढलेली. आमच्याकडे सकाळी भाकरी आणि रात्रीचं उरलेलं कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, ते तिनं कुरकूर न करता अंगवळणी पाडून घेतलं होतं. लग्नाला वर्ष होत होतं. मधे एकदा तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिले नाहीत. त्यावर घरात कुणी बोलत नसे. आता पुन्हा अडीच महिने झाले होते आणि तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. भात नाही, पेज नाही, ताक नाही. ती मागच्या मोरीकडे धावली की आम्ही सगळे हातातलं काम तसंच धरून थांबायचो. आबा तोंडातला घास चावायचं थांबवायचे. तो आवाज बंद झाला की आई पाण्याचा तांब्या घेऊन जायची. दादा कामावरून आला की चपला काढायच्या आधी माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायची, की नाही, आज पण नाही. बाजारातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "आठवडाभरात अन्न टिकायला लागलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि आधीचं झालेलं बघता बाळाचं मी आत्ता काही सांगू शकत नाही." त्या आठवड्यातले पहिले तीन दिवस पाव भाजण्यातच गेले.

वहिनीच्या आईनं दादाबरोबर निरोप धाडला, की तिला कोरडा पाव भाजून द्या, तो टिकेल. आईनं लगेच पाव आणवला, तव्यावर लालसर भाजला, चांगल्या ताटलीत ठेवून दिला. वहिनीनं तुकडा तोंडाशी नेला आणि ताटली तिथंच टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. निखाऱ्यावर भाजला तर धुराचा वास, स्टोव्हवर भाजला तर रॉकेलचा. मी तिच्याजवळ बसून पाठ चोळत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "शालू, कुणाला सांगू नकोस हं. तव्याचा वास येतो गं. पावाला बोंबलाचा वास येतो. आईंना वाईट वाटेल."

मी शपथ घेतली आणि तासाभरात आबांना सांगितलं. मला एखादी गोष्ट पोटात ठेवता येत नाही, विशेषतः भीती वाटली की. आबांनी आईला सांगितलं आणि आईनं हातातली परात खाली आपटली.

"माझ्या तव्याला वास येतो? इतकी वरसं जेवताय, कुणाला वास आला न्हाई तो! सगळी आळी तवा घिऊन माझ्या दारात येती."

"तुझ्या तव्याला कोण काय म्हणतंय?" आबा म्हणाले. "पोरीच्या नाकाला झालंय ते. तिला वासच सोसना झालाय."

"मग आता काय करू? विलायतेहून नवा तवा मागवू?"

"नवा तवा तरी तू कांदा चोळूनच वापरणार," आबा म्हणाले आणि किल्ल्या वाजवत बाहेर गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. बंगल्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी टोस्टर पाहिलेला होता. पाव घातला की आपला आपण भाजून वर येतो, चूल नाही, धूर नाही, तवा नाही. मी म्हटलं, मग तोच आणू या की चार दिवस. आबांनी कमरेचा जुडगा हातात धरला. "किल्ली राखायला दिलीया, वापरायला न्हाई," ते म्हणाले. "चल, बाजारात जाऊन आपला आणू."

बाजारात विजेच्या वस्तूंचं एक दुकान होतं. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, आणि फळीवर तीन टोस्टर. आबांनी धुतलेल्या रुमालात बांधून घरून पावाचे सहा काप आणले होते. रुमाल का, तर वर्तमानपत्राला शाईचा वास असतो. त्यांनी पहिला टोस्टर उचलला, नाकाला लावला आणि डोळे मिटून वास घेतला. मग दुसरा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आबा, हे काय आंबे आहेत वास घ्यायला?" दुकानदार शेठ म्हणाला.

"सून दोन जिवाची हाय," आबा शांतपणे म्हणाले. "तिला वास सोसत न्हाई. चार दिसात तिच्या पोटात काय टिकलं न्हाई तर आमचं लय वाईट व्हनार हाय. म्हनून बघतोय."

शेठचा चेहरा बदलला. त्यानं गल्ल्यावरून उठून स्वतः वायर लावून दिली आणि तिन्ही टोस्टर एकेक करून चालवून दाखवले. पहिल्याला दोन्ही अंगांना दारं होती. दार उघडून पाव लावायचा, एक बाजू झाली की हातानं फिरवायचा. आबा म्हणाले, "भाताच्या आवणीच्या दिसात याच्यापाशी उभं राहायला घरात मानूस नगं का? विसरलं की जळला. जळला की आला वास." दुसरा चकचकीत होता, शेठला तोच खपवायचा असावा, कारण तो सारखा त्याच्यावर फडकं फिरवत होता. आबांनी तो उलटा करून पाहिला. तळ बंद. "आत चुरा पडनार तो काढायचा कुठनं? तो ऱ्हायला की रोज जळनार." शेठ म्हणाला, "आबा, आजवर हे मला कुणी विचारलं नाही." तिसरा दिसायला यथातथा, फिकट रंगाचा, पण त्याच्या तळाला उघडणारं झाकण होतं, कमी-जास्त भाजायचं बटण होतं, आणि पाव झाला की तो आपोआप वर यायचा. त्यातून निघालेला काप आबांनी आधी हुंगला आणि मग तोंडात घालून बराच वेळ चावला. मी त्यांच्या जबड्याकडे बघत उभी होते. अखेर ते म्हणाले, "पावाला पावाचाच वास हाय." तो ठरला.

आज लोक मोबाइलवर पन्नास जणांची मतं वाचून टोस्टर घेतात. निलेशनं मला ती मतंही पाठवली आहेत. पण आबांनी विचारलेले प्रश्न त्यात एकानंही विचारलेले नाहीत, हे मी अभिमानानं लिहिते.

शेठनं दाखवायचा टोस्टर ठेवून घेतला आणि आम्हाला खोक्यातला नवा कोरा दिला. देताना म्हणाला, "घरी नेल्यावर दोन-तीनदा रिकामाच चालवा. नव्या तारेचा वास असतो, तो जाईल." आबांनी खोकं प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून पोटाशी धरून आणलं, स्वतः भिजले पण खोकं भिजू दिलं नाही. आईनं तव्यावरून धरलेला अबोला सोडला नव्हता, तरी तिनं खोक्याला हळद-कुंकू लावलं. टोस्टर पुढच्या खोलीत, वहिनीच्या खाटेजवळ रेडिओच्या बोर्डापाशी ठेवायचा ठरला, म्हणजे तिला स्वयंपाकघराचा वारा लागायला नको. वायर लावून झाली आणि लाइट गेली. पावसात आमच्याकडे ती जायचीच, पण त्या दिवशी ती मुद्दाम आमच्यावर डूख धरून गेली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाचरात आवणी होती. रोपं उपटून ठेवलेली, बायका सांगितलेल्या, थांबणं शक्य नव्हतं. दादा कामावर गेला, आबा बंगल्यांवर. मला शाळेला दांडी मारायला लावून वहिनीजवळ ठेवलं. निघताना आई म्हणाली, "हिला एकटीला सोडू नगं. लाइट आली की आबांनी सांगितलंय तसा रिकामा फिरव त्यो डबा, आनि मग पाव घाल." टोस्टरला ती डबा म्हणायची. जाता जाता ती उंबऱ्यापाशी थांबली, वहिनीकडे एकदा बघितलं आणि इरलं डोक्यावर घेऊन निघून गेली.

लाइट साधारण अकराला आली. मी देवाला हात जोडले आणि टोस्टरची दांडी खाली दाबली. आतल्या तारा लाल झाल्या. आणि मग वास आला. तापलेल्या नव्या पत्र्याचा, रंगाचा, कशाकशाचा. वहिनीनं पदर नाकाला लावला. तिला मला दुखवायचं नव्हतं, म्हणून पदराआडून म्हणाली, "छान आहे गं टोस्टर." पण तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ती उठून मागच्या पडवीत जाऊन बसली. त्या वेळी मी आणखी दोनदा तो रिकामा चालवला असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. शेठनं दोन-तीनदा म्हटलं होतं, ते मला पाठ होतं. पण मला वाटलं, पुन्हा असाच वास आला तर? आबांनी एवढं हुंगून आणलेला टोस्टर वाया गेला तर? आठवड्यातला एक दिवस आणखी गेला होता. आणि तेवढ्यात मला आठवलं, नव्या लोखंडाचा वास कसा घालवतात ते मला येतं की. सगळ्या आळीत आईनंतर ते मलाच येतं.

मी वायर काढली, एवढी अक्कल होती. कांदा चिरला. अर्धा कांदा त्या फटीत जाईना, म्हणून पातळ फोडी केल्या, खराट्याच्या काडीला चिंधी गुंडाळली, ती तेलात बुडवली, मीठ लावलं, आणि टोस्टरच्या दोन्ही फटी आतून नीट घासून काढल्या. तारांमधे कांद्याच्या फोडी अडकल्या, त्या मी मुरू दिल्या. वरून पळीभर तेल सोडलं. हे सगळं मी इतक्या मन लावून केलं की आजही सांगते, त्या वयात त्याहून मन लावून मी काहीच केलेलं नव्हतं. मग वायर लावली आणि दांडी दाबली.

आधी चुरचुर आवाज आला, तव्यावर येतो तसा, आणि मला वाटलं, जमलं. मग निळा धूर. मग तो काळा झाला आणि फटीतून हातभर जाळ वर आला. मी दांडी वर ओढायला गेले, तो बोटं भाजली. मी ओरडले असेन, कारण वहिनी पडवीतून धावत आली. जी बाई कांद्याच्या नुसत्या नावानं मोरीकडे पळायची ती त्या धुरात शिरली, तिनं मला खांद्याला धरून मागं ओढलं आणि वायर हिसडून काढली. त्याच वेळी फट् असा आवाज झाला आणि घरातले दिवे गेले. वहिनीनं मला विचारलं, "कुठं भाजलं? दाखव." मी हात पुढं केला. तो बघता बघता ती भिंतीला टेकली, खाली घसरली आणि उंबऱ्यावर आडवी झाली.

मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले, पण उठेना. मग मी धावले. चिखलातून, बांधावरून, खाचराच्या कडेपर्यंत धावले आणि एवढंच ओरडले, "आई, वहिनी पडली!" बायकांच्या रांगेतून आई उठली. हातातली रोपांची मूठ तशीच धरून ती माझ्यापुढं पळत सुटली. मी मागून पळत होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की मी वहिनीचं बाळ मारलं. आता दादा माझ्याशी कधी बोलणार नाही. इतकी वर्षं झाली, पण ती भीती मी विसरलेले नाही. आजही कुणाच्या घरी कांदा करपला तर मी आधी उठून दार उघडते.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनी उंबऱ्याला टेकून बसली होती. आई तिच्याजवळ खाली बसली, चिखलाचे हात दूर धरून. "कपड्याला काय दिसतंय का गं?" तिनं अगदी हळू विचारलं. वहिनीनं मान हलवली. नाही. "पोटात दुखतंय?" नाही. आईनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला डोकं टेकलं. मग तिला वास आला. ती टोस्टरपाशी गेली, वाकून फटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. खरं तर मार मिळाला असता तर मला बरं वाटलं असतं.

"कांदा घातलास?"

"व्हय."

"मीठ बी?"

"मीठ बी. त्येल बी. नव्या लोखंडाचा वास जावा म्हणून. तूच तर करतीस."

आई मटकन खाली बसली. ती हसायला लागली आणि तिचं तिलाच कळलं नसावं, पण हसता हसता ती रडत होती. "मीच करती," ती म्हणाली. "व्हय गं बाई. मीच करती." वहिनी म्हणाली, "आई, तिला काही बोलू नका. माझ्यासाठीच केलंय तिनं." आईनं तिच्याकडे बघितलं. मग उठली, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तवा घेऊन आली.

तो तवा घेऊन ती मागच्या अंगणात गेली. मोरीच्या दगडावर तो उलटा ठेवला, विटेचा तुकडा उचलला आणि त्याच्यावर घासायला सुरुवात केली. मला आधी कळलंच नाही ती काय करते आहे. ज्या तव्याला तिनं कधी राख लागू दिली नाही, त्यावर ती वीट घासत होती. मग सुलटा करून आतून. काळं पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, "आई, तवा खराब होईल." ती म्हणाली, "तू वाळू आन." मी वाळू आणली, राख आणली, आणि तिच्यासमोर बसून डाव्या हातानं घासू लागले, उजव्या हाताची बोटं भाजलेली होती. पावसाची बारीक भुरभुर आमच्या दोघींच्या अंगावर चालू होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. खाचरात आवणी थांबलेली, बायका वाट बघत असतील, तिला पर्वा नव्हती. तासाभरानं तवा राखाडी झाला, खरबरीत, नुकताच ओतून काढल्यासारखा. आईनं तो नाकाशी नेला, आबांनी दुकानात नेला होता तसाच. मग पुन्हा खाली ठेवला आणि आणखी घासला.

कोळशाची शेगडी तिनं घराबाहेर ओट्याच्या टोकाला पेटवली, धूर पुरता गेल्यावर तवा ठेवला आणि पाव भाजला. तेल नाही, तूप नाही. ताटली वहिनीपुढं ठेवली आणि आम्ही दोघी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिलो. वहिनीनं एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. आई माझा भाजलेला हात धरून उभी होती आणि तो दुखत होता, पण मी सोडवून घेतला नाही. आम्ही मोरीकडे कान लावून होतो. पागोळ्यांचा आवाज येत होता, कुठंतरी कोंबडी कुरकुरत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आतून वहिनीचा आवाज आला, "आई, अजून एक आहे का?"

आई भाजायला गेली. मी तिथंच ओट्यावर बसून मोठमोठ्यानं रडले.

त्या संध्याकाळी भाकऱ्या तव्याला चिकटल्या, फाटल्या, एकीचा तळ तर तव्यावरच राहिला. एरवी भाकरीला काळा ठिपका दिसला तर ताट सरकवणारे आबा ते तुकडे पुढ्यात घेऊन बसले. दुपारचं सगळं त्यांना कळलं होतं, कोपऱ्यात जळका टोस्टर दिसत होता. त्यांनी तुकडे कालवून खाल्ले आणि आणखी मागून घेतले. टोस्टर पुढं कधी दुरुस्त झाला नाही. त्याच्या खोक्यात आबा अखेरपर्यंत आपला चष्मा आणि औषधं ठेवायचे. आणि तो तवा आईनं तसाच कोरा ठेवला. महिना झाला, दोन झाले, वहिनी भात-वरण खायला लागली, सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी देहूरोडला गेली, तरी तसाच. आम्ही फाटक्या भाकऱ्या खात होतो. एकदा आबा म्हणाले, "आता तरी त्येल दाव त्या तव्याला." आई म्हणाली, "बाळ घरात आल्याबिगार न्हाई."

निलेशला मी आज सकाळी उत्तर पाठवलं. तळाचं झाकण उघडतं तो घे, रंग बघू नकोस, आणल्यावर तीनदा रिकामा चालव, आणि पावाशिवाय आत काही घालू नकोस. त्यानं विचारलं, आत्या, पावाशिवाय कोण काय घालेल? मी त्याला अंगठा पाठवून दिला. तो तवा अजून त्याच स्वयंपाकघरात आहे, काळा, तुकतुकीत. पाहुणे त्यावरच्या भाकरीचे फोटो काढतात.

सव्वा महिन्याचा निलेश घेऊन वहिनी देहूरोडहून आली तो दिवस मला आठवतो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळला, बाळाला माझ्या मांडीवर दिलं, आणि चुलीवर तो राखाडी तवा ठेवला. कांदा अर्धा चिरून तेलात बुडवला. मग थांबली आणि तो वहिनीपुढं धरला. "आता तू लाव," ती म्हणाली. वहिनीनं पदर खोचला आणि घासायला बसली. कांदा चुरचुरला, वास उठला, सगळ्या घरात पसरला. मी बाळाला घेऊन दाराशी सरकले, सवयीनं. आई वहिनीच्या तोंडाकडे बघत उभी होती. वहिनीनं तव्यावर वाकून एक लांब श्वास घेतला आणि मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "मला लय भूक लागलीय."

"मग आधी जेव," आई म्हणाली. "तवा कुटं पळून जात न्हाई."